दोन ससे, एक कुलर

परवा समोरच्यांनी कुलर बाहेर काढला. आधी तो सिमेंटवरून ओढत नेल्याचा आवाज आला, मग पाइपने धुण्याचा, आणि संध्याकाळी नव्या वाळ्याचा वास. आमच्या अमरावतीत उन्हाळा आपणहून येत नाही, लोक त्याला असा गल्लीगल्लीतून ओढत आणतात. वाळ्याच्या वासाने म्हणे माणसाला शांत वाटतं. माझी गेल्या वर्षीपासून चिडचिड होते. तो वास नाकात शिरला की त्याच्या मागोमाग ओल्या पोत्याचा आणि सशाच्या मुताचा वास आठवतो, आणि जबडा आपोआप आवळला जातो.

बाबा आले ते गेल्या वर्षी, एप्रिल तोंडावर आलेला असताना. अकोल्याला जठारपेठेत ते एकटे राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य गेलेला माणूस, कोणाच्या हातची गाठ त्यांना पटत नाही आणि कोणाच्या हातचा चहाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशन अमरावतीत करायचं, आधी एक डोळा, मग दुसरा, आणि उन्हाळाभर माझ्याकडे राहायचं, हे मी फोनवर भांडून भांडून ठरवलं होतं. त्यापुढचंही मनातल्या मनात ठरलं होतं. मधल्या खोलीतली कपाटं हलवली होती, खिडकीला जाड पडदा लावला होता. एकदा आले की परत जाऊ द्यायचं नाही. नवरा चंद्रपूरला नोकरीला, महिन्यातून एखाद्या रविवारी येणारा. घरात मी आणि नववीतली सावी. जागा होती, गरज होती, आणि ती गरज त्यांची आहे असं मी स्वतःला सांगत होते.

ऑटोतून उतरले तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकणाची टोपली, सुतळीने चारी बाजूंनी बांधलेली.

"हे काय आणलं?"

"सखू हाये."

"ससा आणला, बाबा? इथं?"

"मंग तिले कोनापाशी सोडू? तुह्याकडं एक हाये ना. एकात दुसरी. काय फरक पडते?"

सखू म्हणजे मातकट रंगाची, चांगली वजनदार मादी. अकोल्याच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहणारी कॉलेजची मुलं शिक्षण संपवून गेली आणि तिला खोक्यात तशीच ठेवून गेली. बाबांनी पहिले काही दिवस त्या मुलांना शिव्या दिल्या, मग कोथिंबीर आणायला लागले. आणि आमच्याकडे मोमो. काळा-पांढरा, हलका, सावीचा जीव. बाबांना मोमो म्हणता येत नव्हतं किंवा म्हणायचं नव्हतं. ते त्याला पहिल्या दिवसापासून मामू म्हणाले.

सावी खूश. तिला वाटलं मोमोला मैत्रीण आली. बाबांनाही तसंच वाटत होतं. बैठकीच्या मधोमध त्यांनी टोपली सोडली. "सोड दोघाइले. आपल्या आपल्यानं पाहून घेतीन."

त्यांनी पाहून घेतलं. मोमो शेपटी ताठ करून जवळ गेला, सखूने एकदा हुंगलं, आणि पुढच्या क्षणी दोघांचा मिळून एक गोळा झाला. ससा हा गरीब प्राणी आहे असं ज्याला वाटतं त्याने तो गोळा पाहायला हवा होता. मागच्या पायांनी एकमेकांची पोटं फाडायला निघालेले, केस हवेत, सावी किंचाळतेय. मी झाडू मध्ये घातला, तो सखूने चावला. शेवटी बाबांनी खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि तिला टॉवेलसकट उचललं. टाइलवर केसांचे झुबके पसरले होते. पंखा सुरू होता, म्हणून ते घरभर झाले.

"जरा जास्तच झालं," बाबा म्हणाले. तेवढंच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात मला न परवडणारा शांतपणा होता. मोमोचं ऑपरेशन आधीच झालेलं, त्यामुळे पिल्लांची भीती नव्हती. सखूचं वय पाहता या गरमीत तिचं ऑपरेशन नको. मग उपाय एकच, सबुरी. मध्ये जाळी लावा. एकमेकांचा वास येऊ द्या. याच्या अंगाखालचं फडकं तिच्याकडे, तिचं याच्याकडे. खायला जाळीजवळच द्या, म्हणजे दुसऱ्याच्या वासाबरोबर चांगलं काहीतरी येतं हे त्यांच्या डोक्यात बसेल. मग कोणाच्याच मालकीची नसलेली जागा शोधा आणि तिथे थोडा थोडा वेळ भेटवा. भांडण सुरू होण्याआधी उचला.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"ते त्यांच्यावर आहे."

अशी उत्तरं मला आवडत नाहीत. मी गणित शिकवते.

दोन खोल्यांत दोन ससे ठेवले असते तर प्रश्नच नव्हता. पण कुलर एकच होता, बैठकीत. आणि सशाला घाम येत नाही. त्याच्या अंगातली उष्णता जाते ती कानांतून, तेही हवा गार असेल तर. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी मधल्या खोलीतली भिंत हाताला चटका देते. एका दुपारी सखूला तिथे ठेवून पाहिलं, तर ती जमिनीवर लांब पसरली, श्वास भात्यासारखा, कान आतून लालभडक. बाबा गुडघे टेकून तिच्या कानांना ओलं फडकं लावत बसले. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या माणसाने वाकायचं नसतं, हे मी किती वेळा सांगितलं ते विचारू नका. तेव्हा दोघांनाही बैठकीतच राहणं भाग होतं.

म्हणून बैठकीच्या मधून जाळी गेली. सोफा मोमोकडे, टीव्ही सखूकडे. पाण्याचा माठ मोमोकडे, ग्लास सखूकडे. येणारा-जाणारा साडी किंवा धोतर सावरत जाळी ओलांडायचा. कुलर खिडकीत, त्याचा वारा नेमका कोणाच्या बाजूला जास्त यावरून रोज वाद. सावी म्हणायची, आबांनी पाती वळवली. आबा म्हणायचे, कुलर अमरावतीचा हाये, त्याले वळनच नाही. अकोल्याची गरमी खरी, इथली नुसती उमस, हे त्यांचं ठाम मत. पारा चढण्याचाही अभिमान बाळगता येतो हे मला बाबांकडे पाहून कळलं.

आता आठवताना तो उन्हाळा म्हणजे एक लांबच लांब दुपार वाटते. बाहेर रस्ता पांढराफटक, कुत्री नालीच्या सावलीत, खिडकीत कुलरची घरघर, आणि त्या घरघरीत मध्येच धप्प. ससा मागचा पाय आपटतो तो आवाज. सखूला मोमोचं शिंकणंसुद्धा खपत नसे, धप्प. मी वह्या तपासायला बसले की धप्प. बाबांना चहात साखर कमी लागली की तेही कप तसाच ठेवायचे, बशीवर, आवाज करून. वलगावहून येणारा दूधवाला सशांसाठी हिरवा चारा आणून द्यायचा, तो निवडून, धुऊन, वाळवून मी जाळीच्या दोन्ही बाजूंना सारखा मांडायची. दोघंही आपला सोडून पलीकडचा ओढायला बघायचे. फडकी बदलली. मोमोचं फडकं सखूने दाताने उचलून कोपऱ्यात नेलं आणि त्यावर मुतली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "छान, दखल तर घेतली तिने."

कोणाच्याच मालकीची नसलेली जागा म्हणजे आमच्याकडे न्हाणीघर. तिथे रोज संध्याकाळी भेट. सावी एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या, हातात टॉवेल. दोघं पाठ फिरवून बसत. मोमो हळूहळू सरकत जायचा, मान खाली घालून, हिच्या तोंडापाशी डोकं टेकवायचा. आपलं डोकं चाटावं अशी ती विनंती असते. सखू भिंतीकडे बघायची. तो पुन्हा सरकायचा. मग ती फणकारून अशी काही वळायची की सावी टॉवेल टाकून मोकळी. मला त्या मोमोचा राग यायचा. इतका अपमान करून घ्यायची काय गरज आहे, असं वाटायचं. आणि लगेच मधल्या खोलीत डोकावून मी विचारायची, "बाबा, थालीपीठ करू का? तुमच्या आवडीचं."

"नोको. जमत नाही तुले ते."

मे महिन्यात एक दुपार अशी आली की लाइट गेली ती परत येईना. इन्व्हर्टरवर कुलर चालत नाही. तासाभरात बैठक भट्टी झाली. त्यातल्या त्यात गार म्हणजे न्हाणीघराची फरशी. दोघांना तिथेच ठेवायचं ठरलं. मध्ये घमेलं आडवं लावलं आणि बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन बाजूंना ठेवल्या. बाबा दाराशी स्टूल टाकून बसले. मी कुलरसाठी साठवलेलं पाणी फडकी ओली करायला बादलीत काढून आणायला अंगणात गेले, आणि आतून तो आवाज आला. ससा सहसा ओरडत नाही. ओरडला की लहान मूल ओरडल्यासारखं वाटतं.

घमेलं उलटं पडलं होतं. मोमोचा कान कडेला फाटला होता, ओल्या फरशीवर रक्त पसरत होतं. बाबांनी सखूला छातीशी धरलं होतं, तिने त्यांच्या मनगटावर ओरखडे काढले होते.

"तुम्ही काय करत होते इथं बसून?" मी ओरडले.

"मले दिसलं नाही व! पाहून राहिलो होतो, पन दिसलं नाही."

"मग सांगायचं होतं की दिसत नाही! आणायचीच कशाला होती ही इथं?"

"बरं. मंग घेऊन जातो मी तिले. आजच जातो."

"जा! दुसरा डोळा अकोल्यातच करून घ्या!"

"आधी कान बघा ना कोणीतरी!" सावी म्हणाली. ती फरशीवर बसून मोमोच्या कानाला रुमाल दाबून धरत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी गाडी काढली. त्या उन्हात हेल्मेटच्या आत डोकं शिजत होतं. मागे सावी टोपली धरून, आणि माझ्या तोंडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, "बस झालं आता, बस झालं."

कान शिवला गेला. भेटी बंद झाल्या. बाबा गेले नाहीत. त्यांचा दुसरा डोळा इथेच झाला, ते काळा चष्मा लावून सखूच्या बाजूला तखतावर पडून राहायचे. मी ठरवून टाकलं होतं की हे होणार नाही. दोन जिवांना जबरदस्तीने एका खोलीत राहायला लावणं हाच मूर्खपणा आहे. जाळी कायमची. साडी सावरून ओलांडायची आता सवय झालीच होती.

पण प्रयत्न सोडल्यावर मला दिसायला लागलं, की सखू जाळीला पाठ लावून झोपते. मोमोही पलीकडून तिथेच. दोघांची पाठ एकाच जागी, मध्ये फक्त तार. मी ते पाहायची आणि त्यावर विश्वास ठेवायची नाही. अशा खाणाखुणांवर विश्वास ठेवून मी आधी फसले होते. बाबांनी एकदा थालीपीठ पूर्ण खाल्लं होतं, म्हणून मी त्यांच्या खोलीसाठी दुसरा कुलर पाहून आले, तर म्हणाले, "कायले? मी काय इथं जन्म काढून राहिलो?"

मृग जवळ आला होता. आभाळ भरायचं आणि नुसतं तापवून निघून जायचं. एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर जाळी गुंडाळून भिंतीला लावलेली. माझ्या हातातली पिशवी खाली पडायची बाकी होती.

"मीच काढली," तखतावरून बाबा म्हणाले. "बोलू नोको. पाह्य तिकडं."

सोफ्याच्या खाली, कुलरचा वारा जिथे जमिनीला लागून येतो तिथे, सखू पोट टेकून बसली होती. तिने मान पार जमिनीला लावली होती. तीच, जी भिंतीकडे बघायची. आणि मोमो आपल्या फाटक्या कानानिशी तिचं कपाळ चाटत होता. डोळ्यांच्या वर, मग नाकाच्या दांडीवर, मग पुन्हा वर. तो थांबला की ती डोक्याने त्याला ढुसणी द्यायची. पुन्हा सुरू. सावी दाराच्या चौकटीला टेकून तोंडावर हात दाबून उभी होती.

"मले त्याची जीभ दिसून राहिली," बाबा हळूच म्हणाले. "एवढीशी. गुलाबी."

डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, आनंदाने. मग म्हणाल्या, आता यांना वेगळं करू नका. एकाला दवाखान्यात आणायचं असलं तरी दोघांना आणा. जोडी जमली की तोडायची नसते, खाणं सोडतात. मी हो हो म्हणत होते आणि माझ्या डोक्यात पुढचं गणित आपोआप सुटत होतं. सखू इथून जाणार नाही. सखू जाणार नाही म्हणजे बाबा जाणार नाहीत. त्या संध्याकाळी मी खूप दिवसांनी गुणगुणत स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या खोलीत गेले तर बाबा पिशवीची गाठ बांधत होते. टोपली कोपऱ्यात, रिकामी.

"कुठं निघाले?"

"अकोल्याले. डोळे झाले. पानी येईन आता, घराची कौलं पाहा लागते."

"आणि सखू?"

"थे इथंच राहीन. तुले डॉक्टरीन काय म्हनली?"

"म्हणजे तुम्ही तिला सोडून जाणार?"

बाबा पलंगाच्या कडेला बसले. चष्मा काढला. नवे डोळे अजून ओलसर दिसत होते. "त्याच्यासाठीच तं आनली होती तिले. मी दिवसभर खुर्चीत, थे दिवसभर खोक्यात. एकटा ससा सुकते, बाई. उद्या मी पडलो-झडलो तं तिच्याकडं कोन पाहीन? इथं मामू होता, सावी होती. जमलं तं जमलं, म्हनून आनली. जमलं."

"मला का नाही सांगितलं आधी?"

"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, तुमी बी राहा."

मी तेच म्हणाले. म्हणाले, ओरडून म्हणाले, खोली दाखवली, पडदा दाखवला, कुलर आणते म्हणाले. उन्हाळाभर जे टॉवेल, घमेली, फडकी मी सांभाळली ती कशासाठी हेही सांगितलं. ज्या दिवसासाठी मी राबले तोच दिवस यांना जायला मोकळा करून गेला, आणि त्यांना ते आधीपासून माहीत होतं. इतकी चीड मला त्या दोन सशांनी मिळूनही आणली नव्हती. ते ऐकत राहिले. गाठ मात्र सोडली नाही.

सावी दोघांना टोपलीत घालून घेऊन आली. "आबा, दोघांना न्या. तुमच्याकडे राहू दे." टोपली तिने पुढे धरलेली होती.

बाबांनी टोपलीत हात घातला. सखूच्या कानामागे बराच वेळ खाजवलं, मग मोमोच्या. "मंग तू एकटी होशीन, पोरी," म्हणाले, आणि झाकण न लावताच टोपली परत तिच्या हातात दिली.

मी स्टेशनवर सोडायला गेले नाही. सावी गेली.

त्यानंतर पाऊस आला, शाळा सुरू झाली. बैठक एकसंध झाली आणि मला ती उगाच मोठी वाटू लागली. ससे मजेत. सखू आता मोमोवर हुकूम चालवते, आधी ती खाते, मग तो. बाबांचा फोन रोज येतो, सखूचं विचारतात, मामूचं विचारतात, सावीच्या अभ्यासाचं विचारतात. माझी तब्येत विचारायचं त्यांच्या लक्षात येतं तोवर मी फोन ठेवलेला असतो.

आता पुन्हा उन्हाळा. मागच्या रविवारी मी अकोल्याला गेले. त्यांचा कुलर लावून द्यायला असं म्हणून. जठारपेठेत दुकानं नुकती उघडत होती, फुटपाथवर माठ मांडले जात होते. बाबांनी माझी वाट न पाहता कुलर खिडकीत बसवला होता, तोही तिरपा. आम्ही त्यावरून भांडलो. मग मी तो सरळ केला, त्यांनी बादलीने टाकी भरली. घर स्वच्छ होतं. एका माणसाची भांडी, एका माणसाचं धुणं. कोपऱ्यात जिथे सखूचं खोकं असायचं ती फरशी इतर फरशीपेक्षा फिकी होती.

"खरं सांगा बाबा," मी म्हणाले, "एकटं वाटत नाही?"

"वाटते ना. काऊन नाही वाटनार?" पाणी ओतता ओतता ते म्हणाले, जणू मी त्यांना किती वाजले विचारलं होतं. "पन ते माहं हाये. सखूच्या अंगावर काऊन टाकू?"

"आणि माझ्या?"

त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, त्या धुतल्यासारख्या नव्या डोळ्यांनी. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. "तुहं काय व माय," ते म्हणाले, "तुले तं भांडाले कोनी लागते. येत जा ना. मी काय दार लावेल हाये?"

कुलर सुरू झाला, वाळ्याचा वास खोलीभर पसरला, आणि मला पुन्हा राग आला. जेवण झाल्यावर निघाले. त्यांनी डब्यात भाजलेले शेंगदाणे दिले, सावीसाठी, आणि गाडी चुकेल म्हणून मला दाराबाहेर जवळजवळ ढकललं. गाडीच्या खिडकीतून उन्हाच्या झळा येत होत्या. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी शेतं. शेंगदाणे खात मी त्यांची वाक्यं आठवत होते, आणि प्रत्येकाला आता उत्तर सुचत होतं. बडनेरा आलं तेव्हा पुढच्या रविवारचं भांडण माझ्या डोक्यात अर्धं तयार होतं.